कोपऱ्यातली पावलं

१

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एका लहानशा जनाना दवाखान्यातून एक चित्रवही गायब झाली. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली खुंटीला होती. वहीशेजारी चांदीची दौत होती, तिला कुणी हात लावला नव्हता. चोराला वहीच हवी होती.

तपास आला दरोगा जयसिंहराव माने यांच्याकडे. ते मूळचे रियासतीच्या फौजेतले. रियासत विलीन झाली, फौज मोडली, तेव्हा मध्यभारताच्या पोलिसात लागले. आता मध्यभारतही महिनाअखेर संपणार होता. एक नोव्हेंबरपासून नवा मध्यप्रदेश, राजधानी भोपाळ. सगळ्या कचेऱ्यांतून खोके भरले जात होते आणि जो तो आपली खुर्ची कुठे पडणार याची चौकशी करत होता. जयसिंहरावांना त्यातलं काही पडलेलं नव्हतं. आषाढात त्यांची बायको गेली होती. सुलोचनाबाई. चाळीस वर्षांची.

रक्त थांबेना म्हणून शेवटच्या महिन्यात त्यांनी तिला मोठ्या इस्पितळात नेलं होतं. तिथल्या सर्जनने तपासलं, हात धुतले आणि म्हटलं, "फार उशीर केलात, दरोगासाहेब. सहा महिने आधी आणलं असतं तर हातात काही होतं."

तीन महिने ते हेच वाक्य मनात घोळवत होते. उशीर कुणी केला? तिने सांगितलं नाही म्हणून झाला, की आपण विचारलं नाही म्हणून? देवाने समोर येऊन एवढंच सांगितलं असतं तरी त्यांनी त्याला सोडून दिलं असतं.

वहीचे मालक डॉक्टर मधुसूदन टोकेकर. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा कोट, भोपाळला बढती ठरलेली आणि बोलण्यात आत्ताच तिथे पोचलेले. खोलीत चार लाकडी खोके मोहोर लावून तयार होते.

"माझी सात वर्षांची मेहनत आहे त्यात," ते म्हणाले. "बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होतो, तेव्हा तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. भिंगातून, हिरव्या काचेआडून पाहिलं की त्या काळ्या रेघांसारख्या दिसतात. गाठ जशी वाढते तशा त्या वाढतात. चार बायका, चार पायऱ्या. पहिलीची सुरुवात, चौथीचा शेवट. हिंदुस्थानात असं कुणी काढून ठेवलेलं नाही. मुंबईच्या मासिकाला फोटो पाठवले, ते छापतायत. आता मूळ चित्रं मागवलीत, आणि नेमकी आत्ता चोरी!"

जयसिंहरावांची पेन्सिल थांबली होती. कॅन्सरची जागा तीच होती. सर्जनने तीच सांगितली होती.

"संशय?"

"नाना चितारी. चित्रं त्याच्या हातची. नव्या राज्यात त्याची जागा नाही, म्हणून भडकलाय. इंदुताई नर्सची बदली रीव्याला झालीय, ती रोज रडते. आणि आमच्या नव्या लेडी डॉक्टर, राजलक्ष्मीबाई. श्रावणात इंदूरहून आल्या आणि आल्या दिवसापासून माझ्या लेखात खोड्या काढतायत. घ्या, तिघंही तुमची."

"ती चौथी बाई," जयसिंहरावांनी विचारलं, "तिचं काय झालं?"

"कोण? अहो, या दुखण्यात काय होणार. रक्त जातं आणि बाई जाते. तुम्ही कधी पाहिलं नसेल."

"पाहिलंय," जयसिंहराव म्हणाले आणि टोपी उचलून बाहेर पडले.

२

नाना टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत राहत. साठीचे, डोळ्यांना जाड चष्मा, बोटांना कायमची शाई.

"आलात? मला वाटलंच, आधी चितारीच धरतील," ते म्हणाले. "बसा. चहा घेऊन धरा. दरोगाजी, मी दरबारात अंबाऱ्यांवर बेलबुट्टी काढायचो. रियासत गेली, हत्ती गेले. मग हे काम लागलं. हल्ली मी काय काढतो ते बायकोलाही सांगता येत नाही."

"मला सांगा."

"पण मी ते बघत नाही हो! बघतात इंदुताई. बाई आत, यंत्र आत, इंदुताई आत. मी नि डॉक्टर बाहेर. मध्ये जाड पडदा. आपल्या घरच्या बायका पुरुष डॉक्टरला पदर तरी दाखवतील का? इंदुताई भिंगातून बघतात आणि घड्याळाच्या हिशोबाने बोलतात. नाना, नऊ वाजता एक शीर, पुढे दोन फाटे. बारा वाजता तीन, आकड्यासारख्या वळलेल्या. मी काढतो, पडद्याखालून कागद सरकवतो, त्या दुरुस्त्या सांगतात. मग घरी येऊन शाईने वहीत."

"बाईचं नाव?"

"हरे राम! नाव मला नाही, डॉक्टरांनाही नाही. बाई दुसऱ्यांदा आली तर इंदुताई 'मागची आलीय' एवढंच सांगतात."

"मग चित्र कुणाचं ते कळायचं कसं?"

नाना घुटमळले. चहाची बशी खाली ठेवली.

"पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे. टेबलावर चढायच्या आधी बाई तिथे उभी राहते, पाऊल दिसतं. ते मी कोपऱ्यात काढून ठेवतो. वाईट नजर नाही हो, देवाशपथ. चेहऱ्यासारखंच पाऊलही दुसऱ्याचं नसतं. शिवाय पाऊल असलं की चित्राची खालची बाजू कोणती ते कळतं. नाहीतर गोलच तो, कुठूनही धरा. डॉक्टरांनी कधी त्या कोपऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांचं ध्यान गोलात."

"पेन्सिलचे कागद आहेत?"

"चितारी कागद टाकतो होय?" नानांनी कडीपाटाला टांगलेली पिशवी काढली.

जयसिंहराव एकेक कागद बघत गेले. पंधरावा कागद त्यांनी उजेडाकडे नेला. डावं पाऊल होतं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांनी त्या पावलाला रोज रात्री तेल चोळलं होतं.

असे चार कागद निघाले. नानांनी मागे महिना लिहिला होता. कार्तिक, पौष, फाल्गुन, वैशाख. पहिल्या दोहोंत जोडवं बोटात घट्ट होतं. तिसऱ्यात जोडव्याला खालून दोरा गुंडाळलेला. चौथ्यात दोऱ्याचे वेढे वाढलेले.

"ही बाई बारीक होत गेली बघा," नाना सहज म्हणाले. "जोडवं निसटत होतं बिचारीचं. दरोगाजी? काय झालं?"

३

थोरली बहीण सुधाताई विधवा होऊन आल्यापासून जयसिंहरावांकडेच राहत होती. ती सुपात गहू निवडत बसली होती. जयसिंहराव तिच्यासमोर उकिडवे बसले.

"सुलोचनेला घेऊन कंपूत किती वेळा गेलीस?"

सुधाताईचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"ताई, किती वेळा?"

"चारदा. तिने शपथ घातली होती. तुला सांगायचं, देवीला चाललोय म्हणून."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? पुरुषाला ते सांगतात का? आणि तू तरी! तिने एकदा म्हटलं, पोटात दुखतं, तर तू म्हणालास, 'बायकांचं काय ते ताईला सांग.' सांगितलं तिने मला. मी नेलं. अजून काय करायचं होतं मी?"

जयसिंहरावांनी सूप उचलून अंगणात भिरकावलं. गहू तुळशीपर्यंत गेले. सुधाताई हलली नाही.

"आदळ," ती म्हणाली. "मलाही आदळावंसं वाटतं. पण आम्हाला तर त्यांनी काळजीचं काहीच सांगितलं नव्हतं रे! दर वेळी लाल टॉनिकची बाटली द्यायचे, रक्त भरून येईल म्हणून. आणि दोन महिन्यांनी परत या, नक्की या. चौथ्या खेपेला तर टांग्याचं भाडंही दवाखान्याने दिलं. मी म्हटलं, किती भले लोक."

"भाडं दिलं?"

"हो. ती म्हणत होती, आता चालवत नाही, नाही येत. तर इंदुताई स्वतः टांगा घेऊन दारात आल्या."

नुसतं टॉनिक द्यायला कुणी दारात टांगा पाठवत नाही. जयसिंहराव उठले. चित्रांचा अर्थ सांगू शकेल असं माणूस आता हवं होतं.

४

डॉक्टर राजलक्ष्मी तिशीच्या होत्या. बाळंतिणींचा कक्ष त्यांच्याकडे होता, भिंगाच्या यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती. जयसिंहरावांनी पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा त्या आधी चिडल्या.

"मी चोरली असं डॉक्टर म्हणाले ना? मी कशाला चोरू? मूळ चित्रं मुंबईला पाठवाच, असा हट्ट माझाच होता."

"का?"

"कारण फोटो मला पटत नव्हते, त्यांत कुठला फाटा कुठून फुटतो ते नीट कळत नव्हतं. सांगते. साध्या रक्तवाहिन्या झाडासारख्या असतात. खोड जाड, फांदी बारीक, डहाळी त्याहून बारीक. कॅन्सरच्या नव्या वाहिन्यांना असली शिस्त नसते. त्या मध्येच वळतात, आकड्यासारख्या, मळसूत्रासारख्या. फाटा फुटायचा तिथे फुटत नाही. त्या आपोआप येत नाहीत, दरोगासाहेब. गाठीला वाढायला रक्त लागतं. माझा अंदाज असा की ती काहीतरी रस सोडते आणि शेजारच्या वाहिन्यांना आपल्याकडे ओढून घेते. तो रस कोणता, ते अजून जगात कुणालाच सापडलेलं नाही. पण ओढते, हे खरं. हेही टोकेकरांनी माझ्या तोंडून ऐकलं आणि लेखात स्वतःच्या नावावर घातलं."

"राग आला?"

"आला. पण रागाने मी भांडते. चोरी करत नाही."

जयसिंहरावांनी चार कागद काढले. "नाना म्हणतात, पाऊल म्हणजे खालची बाजू. तसे मांडा."

त्यांनी मांडले. मग राजलक्ष्मींनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. बोट दर वेळी त्याच जागी, डाव्या हाताला नऊ वाजता.

"हा दुफाटा बघा. ही जुनी, निरोगी शीर आहे. चारही चित्रांत इथेच. नव्या वाहिन्या तिच्याभोवती दर वेळी वाढलेल्या. फोटोत हा दुफाटा एकात वर होता, एकात उजवीकडे. म्हणून मला वेगवेगळ्या बायका वाटल्या. चित्रं फिरवून लावली होती!" त्यांचा आवाज चढला. "या चार बायका नाहीत. ही एकच बाई आहे."

"चार बायका म्हणून काय फायदा?"

"एकच बाई म्हटलं, तर मुंबईतला कुणीही पहिला प्रश्न विचारेल. कार्तिकात दिसलं होतं, तर वैशाखापर्यंत काय करत होतात?"

"कार्तिकात दिसलं होतं?"

"हे काय, पहिल्याच चित्रात आहे. मी शिकाऊ असते तरी ओळखलं असतं. तेव्हा तिला मुंबईला नेऊन रेडियम लावता आलं असतं, शस्त्रक्रिया करता आली असती. निम्म्याहून जास्त बायका वाचतात त्या वेळी." त्यांनी वर पाहिलं. "कोण होती ही?"

"माझी बायको," जयसिंहराव म्हणाले.

५

इंदुताई औषधांच्या खोलीत बाटल्या गवतात गुंडाळत होती. दरोगाला पाहताच तिने हात पुसले. ती त्यांना ओळखत होती. टांगा घेऊन तीच त्यांच्या दारात आली होती.

"मला वाटलंच होतं, तुम्ही एक दिवस येणार," ती म्हणाली. "वही मी नाही घेतली."

"वहीचं नंतर. माझ्या बायकोला काय झालंय, हे तुला कधी कळलं?"

"पौषात संशय आला. मी डॉक्टरांना म्हटलं, साहेब, मागची आलीय, तिच्या शिरा वाढल्यात, तिच्या घरी सांगू का? ते म्हणाले, अजून काही नाही, घाबरवू नकोस, फक्त खेप चुकू देऊ नकोस. फाल्गुनात पुन्हा म्हटलं. तर म्हणाले, इंदू, डॉक्टर तू की मी?"

"आणि तू गप्प बसलीस."

"बसले."

"तुझी बहीण असती तर?"

इंदुताईने बाटली खाली ठेवली. "दरोगाजी, मारायचं असेल तर मारा. मी बालविधवा, याच दवाखान्याने मला शिकवलं. डॉक्टरांनी काढलं तर जायचं कुठे? आता बोलणारच होते, तर रीव्याला बदली. ज्या दिवशी मी राजलक्ष्मीबाईंना विचारलं की या चित्रांचा अर्थ काय, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला."

जयसिंहरावांच्या मुठी आवळलेल्याच राहिल्या. हिच्यावर हात टाकून काय होणार होतं? राग असा होता की तो कुठल्याही एका माणसात मावत नव्हता. सुधाताईत थोडा, इंदुताईत थोडा, आणि बराचसा स्वतःत.

"वही शेवटची कधी पाहिलीस?"

"गणपतीतल्या शनिवारी. डॉक्टर ती घेऊन किला गेटला गेले होते, बळवंत फोटोवाल्याकडे. येताना चेहरा उतरलेला. आल्या आल्या मला विचारलं, 'इंदू, नाना ते पाय कधीपासून काढतो?'"

जयसिंहराव दारातच वळले. "पुन्हा सांग. काय विचारलं?"

६

बळवंत पंचविशीचा, केसांना भरपूर तेल आणि मराठीला भरपूर हिंदी.

"आइए दरोगासाब! पासपोर्ट की लग्नाचा?"

"टोकेकर डॉक्टरांची चित्रं काढलीस. काय झालं तेव्हा?"

"अरे मत पूछिए. चार चित्रांना दोन तास. मी पहिल्याचा फोटो काढला, सीधासादा. दुसऱ्याला म्हटलं, साब, ये पैर भी लेना है क्या? सेम पाय आहे, छान दिसतो. बस! डॉक्टर एकदम पांढरे. म्हणाले, कुठला पाय? मग वही उलटी-सुलटी करून बघत बसले. दहा मिनिटं, समझिए. मग म्हणाले, कोपऱ्यावर काळा कागद ठेव. आणि हे चित्र असं फिरव, ते तसं फिरव. मी म्हटलं, साब, आर्टिस्टचा सीधा-उलटा बिघडेल. तर मलाच झापलं."

"पहिला फोटो?"

"वो फिर से लिया, कागद ठेवून. पहिली निगेटिव्हची काच फोडून टाक म्हणाले."

"फोडलीस?"

बळवंतने डोकं खाजवलं. "काच महाग आहे साब. धुऊन परत वापरतो मी. पण अजून धुतली नाही, टाइम नहीं मिला."

त्याने मागच्या खणातून काच काढून दिव्यासमोर धरली. काळ्याचं पांढरं झालं होतं, पण करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली स्वच्छ दिसत होती.

"ठेव ही जपून," जयसिंहराव म्हणाले. "धुतलीस तर तुला धुईन."

"वाह साब, ये जोक था ना?"

जयसिंहराव पायऱ्या उतरले होते.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टोकेकरांच्या खोलीत गेले. बरोबर राजलक्ष्मी, इंदुताई, नाना होते.

"मिळाला चोर?" टोकेकरांनी विचारलं.

"मिळाला. आधी जे चोर नव्हेत ते सांगतो. नानांना सूड घ्यायचा असता तर त्यांनी वही विकली असती किंवा जाळली असती. पण त्यांच्या घरी सगळे कच्चे कागद आहेत. वही नाहीशी करून कागद ठेवणारा चोर मूर्ख म्हणायचा, आणि नाना मूर्ख नाहीत. राजलक्ष्मीबाईंना मूळ चित्रं मुंबईला जायला हवी होती. वही गेल्याने त्यांचंच नुकसान. इंदुताईला डॉक्टरांचं पाप उघडं करायचं असतं तर तिला वही हवी होती, पण लपवून नव्हे, दाखवायला. मग उरलं कोण? मूळ चित्रं मुंबईला पोचू नयेत असं ज्याला वाटत होतं तो. ती न पाठवण्याला कारण हवं म्हणून त्याने चोरीची फिर्याद दिली. फोटोवाल्याकडे ज्याला पहिल्यांदा पाय दिसले, तो."

टोकेकर हसले. "मी माझीच वही चोरली? आणि जाळली, म्हणा की!"

"नाही. ती जाळायचा तुम्हाला धीर नाही. तिच्यावरच तुमचं भोपाळ उभं आहे. हे खोके उघडा."

"सरकारी मोहोर आहे त्यावर."

"मध्यभारत सरकारची. अजून दहा दिवस मीही त्याच सरकारचा आहे." जयसिंहरावांनी पहारीने पहिला खोका फोडला. दुसरा फोडला. तिसऱ्यात, पुस्तकांखाली, टॉवेलात गुंडाळलेली वही होती.

राजलक्ष्मींनी ती उघडली. पन्नासेक पानं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक पाऊल. फक्त चार पानांचे कोपरे धारदार सुरीने कापलेले.

"चोर आला असता," जयसिंहराव म्हणाले, "तर नेमके हेच चार कोपरे का कापले असते त्याने? कच्चे कागद माझ्याकडे आहेत. एका चित्राची काच बळवंतकडे आहे. चारही एकाच बाईची."

टोकेकर खुर्चीत बसले. पण त्यांचा आवाज खाली आला नाही.

"बरं, एकच बाई. पुढे? माने, तुम्हाला कल्पना नाही यात काय आहे. जिवंत माणसात या वाहिन्या कशा वाढतात, हे पायरी पायरीने कुणी पाहिलं नव्हतं. पुढे हजारो बायका यावर वाचतील. आणि ती वाचलीच असती, याची खात्री कुणी द्यावी?"

"तिला विचारलंत?"

"काय विचारायचं? मला तिचं नावही माहीत नव्हतं! तुमच्या घरांचीच ही रीत. नाव सांगायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. पडद्यामागे माझ्यासाठी कोण होतं? एक चित्र होतं!"

"सुलोचनाबाई जयसिंहराव माने," जयसिंहराव म्हणाले.

टोकेकर खुर्चीसकट मागे सरकले. ग्वाल्हेरात दरोगे काय कमी होते? पण नावं लपवायच्या रीतीनेच त्यांना नेमकं त्या बाईच्या नवऱ्यापुढे फिर्याद द्यायला बसवलं होतं.

"सहा महिने," जयसिंहराव म्हणाले. "सहा महिने ती तुमच्या हातात होती आणि मी तीन महिने स्वतःला विचारतोय की उशीर कुणी केला. टांगा पाठवलात तुम्ही. तिला चालवत नव्हतं, तर चौथं चित्र राहून जाईल म्हणून टांगा पाठवलात!"

त्यांचा हात टोकेकरांच्या गळपट्टीवर गेला होता. नानांनी मागून धरलं. "दरोगाजी, सोडा. हा माणूस सुटेल आणि तुम्ही अडकाल."

सुटणारच होता तो. संध्याकाळी वरचे पोलीससाहेब विश्वासराव फाळके यांनी कागद वाचले आणि सुस्कारा टाकला. "खोटी फिर्याद. एवढंच कलम लागतं, जयसिंहराव. बाईला औषध न देता नुसतं बघत बसण्याला कलम नाही. आणि एक तारखेनंतर हे प्रकरण ग्वाल्हेरचं की भोपाळचं, हेच कुणाला ठाऊक नाही. पाठवून देतो वर."

"वर म्हणजे खोक्यात."

"खोक्यात," विश्वासराव म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, एवढाच त्यांचा चांगुलपणा.

पण राजलक्ष्मींनी मुंबईच्या मासिकाला चार पानी पत्र त्याच दिवशी टाकलं होतं, सोबत कच्च्या कागदांच्या नकला, नानांच्या हातच्या, पावलांसकट. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

८

राजलक्ष्मी रात्रभर ती वही वाचत बसल्या होत्या. सकाळी त्या ठाण्यात आल्या त्या इंदुताईला हाताला धरूनच.

"दरोगासाहेब, अशा अजून तीन आहेत. दोन-दोन चित्रं झालेली. दिवाळीनंतर त्यांना तिसऱ्यासाठी बोलावलंय. तिघींचीही अजून सुरुवात आहे. इंदुताई, सांगा."

इंदुताईने मान खाली घातली. सात वर्षं तिने एक नाव बाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्याचा तिला अभिमान होता. तो गिळायला तिला थोडा वेळ लागला.

"पहिली टोपी बाजारातली," ती म्हणाली. "शामला. मुकुंदराव जरीवाल्यांची."

मुकुंदराव दुकानात गादीवर बसले होते. चार गिऱ्हाइकं होती. दरोगा, डॉक्टरीणबाई आणि नर्स एकदम पायरीवर पाहून ते उठून उभे राहिले.

"आत चला," जयसिंहराव म्हणाले. "तुमच्या घरातून शामलाबाईंना मुंबईला न्यावं लागेल. या डॉक्टर बरोबर जातील. आजच ठरवा."

"कुणाला?" मुकुंदरावांचा चेहरा लाल झाला. "दरोगाजी, हमारे घर की औरत का नाम, भर बाजारात? आणि काय झालंय तिला? काही झालेलं नाही. अंगात रक्त कमी आहे, टॉनिक चालू आहे."

"लाल टॉनिक."

"हो, लाल! तुम्हाला काय करायचंय? आमच्यात बायकांची दुखणी पुरुष बोलत नाहीत."

"आमच्यातही नाही," जयसिंहराव म्हणाले. त्यांचा आवाज वाढला तो त्यांनी आवरला नाही. शेजारच्या दुकानातली माणसं पुढे सरकली, सरकू देत. "म्हणून मी बोलतोय. तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे. कॅन्सर. तिला अधूनमधून रक्त जातं, पाळी नसतानाही. तिला विचारलंय कधी? मी माझ्या बायकोला विचारलं नव्हतं. विचारा, आत्ता. माझ्यादेखत विचारा."

एक गिऱ्हाईक जरीचा गोंडा हातात धरून तसंच उभं होतं.

मुकुंदराव हात उगारून पुढे आले, आणि थांबले. दुकानाच्या मागच्या दारातला पडदा बाजूला झाला होता. तिथे एक पस्तिशीची बाई उभी होती. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं.

"जातं," ती म्हणाली. "चैत्रापासून जातंय."

"शामला, आत हो!"

"डॉक्टरबाई," ती नवऱ्याकडे न बघता राजलक्ष्मींना म्हणाली, "मुंबईला किती दिवस राहावं लागेल? धाकटी अजून अंगावर पिते. तिला घेऊ का बरोबर?"

"घ्या," राजलक्ष्मी म्हणाल्या. "तिलाही घ्या."

मुकुंदराव गादीवर बसले. एकदा गिऱ्हाइकांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग त्यांनी समोरचा गोंड्यांचा ढीग उचलून पेटीत टाकला, "मुंबईची गाडी कितीला असते?" असं विचारलं आणि दिवसाढवळ्या दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या.